कथेसाठी जुनं पुणं शोधताना

पुण्यावर ऐतिहासिक कथा लिहायची म्हटलं की बहुतेक जण शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. त्यापेक्षा एक गल्ली आणि एकच वर्ष ठरवा. शोध आटोक्यात राहतो.

पहिलं वाचन १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरचं, म्हणजे ब्रिटिश सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचं. त्याच्या तिसऱ्या भागात शहराची माहिती पेठवार आहे. पेठांची जुनी नावं वहीत आधीच उतरवून घ्या: रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर. ही नावं ठाऊक नसली, तर हवा तो कागद समोर असूनही नजरेतून सुटतो.

मग पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद. ते ज्या मोडी लिपीत आहेत ती येत नसेल तर गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ छापील खंड आहेत. आधी तेच चाळा. मूळ कागद रुमालात बांधलेले असतात. टिपण घेताना रुमालाचा क्रमांक तिथल्या तिथे लिहा, नाहीतर तो कागद पुन्हा हाती लागणं कठीण.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर घाबरू नका. हे अरबी आकडे आहेत: चार, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतली एक जुनी कालगणना) ११७४. हा सन मृगाला, जूनच्या सुमारास बदलतो. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३चा, तो याच सनात येतो. सरसकट ६०० मिळवले की खून एक वर्ष पुढे ढकलला जातो! शकाचंही तसंच: चैत्र ते डिसेंबर ७८, त्यानंतर फाल्गुनअखेर ७९.

प्रसंग हवे असतील तर पाण्याच्या मागे लागा. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून नळ आणला, तो शहरातल्या हौदांत पडायचा. काळा हौद, फडके हौद ही नावं अजून तोंडात आहेत. पाणी कुठे यायचं, कोण भरायचं, कोणाला भरू द्यायचे नाहीत, एवढ्या प्रश्नांत पात्रं आपोआप उभी राहतात. लढायांच्या बखरी हे देत नाहीत.

एकोणिसाव्या शतकासाठी ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९पासून) आणि ‘केसरी’ (१८८१पासून) या वृत्तपत्रांचे जुने अंक. अग्रलेख राहू द्या, जाहिराती वाचा. भाव तिथे मिळतात. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. नवे पैसे १९५७मध्ये आले, म्हणून १९४०च्या पात्राला ‘पंचवीस पैसे’ म्हणायला लावू नका. तो चार आणेच म्हणेल.

शेवटी गल्लीत पायी जा, पण डोळ्यांवर फार विसंबू नका. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले, आणि लक्ष्मी रस्ता तर पेशवाईत नव्हताच. पात्राला मंडईकडे सरळ चालत पाठवण्याआधी त्या काळचा नकाशा शेजारी ठेवा. मंडईची आजची इमारतही १८८६ची आहे.