दिल्लीच्या थंडीसाठी लॉट निवडताना: माझा अनुभव

मुंबईत प्रॅक्टिस करणाऱ्या रायफलवाल्यांचा थंडीशी संबंधच येत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १७-१८ डिग्री झालं की लोक स्वेटर घालून फिरतात, आणि मोठ्या मॅचेस मात्र बऱ्याचदा दिल्लीत, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर ऐन हिवाळ्यात, जिथे सकाळच्या रिलेला (एका वेळी मारणाऱ्या नेमबाजांच्या तुकडीला) ७-८ डिग्री सहज असतं. मी ५० मीटर थ्री पोझिशन मारते (गुडघ्यावर म्हणजे नीलिंग, झोपून आणि उभं राहून म्हणजे स्टँडिंग), पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफलने. यावेळी जायच्या आधी ठरवलं की काडतुसांचा लॉट (कारखान्यात एकाच वेळी बनलेली खेप) इथल्या उकाड्यात बघून फायनल करायचा नाही, थंड करून बघायचा.

कारण असं की काडतुसातली पावडर पेटायच्या आधी जेवढी गरम, तेवढी ती पटकन जळते, प्रेशर लवकर चढतं आणि गोळी जास्त वेगाने सुटते. थंड असेल तर उलटं. बाहेरच्या देशात ३०० मीटरवाले किंवा लांब पल्ल्याचे टार्गेट शूटर स्वतः काडतूस भरतात, त्यांच्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे, हिवाळ्यात अगदी काठावर बसवलेला लोड भर उन्हाळ्यात प्रेशरच्या मर्यादेबाहेर जातो, बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) उचलताना अडकतो, प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी पावडर पेटवणारी टोपी) चपटे होतात. म्हणून तर तापमानाने कमी बदलणाऱ्या पावडरी निघाल्या, हॉजडनची व्हारगेट त्यासाठीच नावाजलेली. आपण पॉइंट टू टू वाले फॅक्टरीचं काडतूस वापरतो, पावडर आपल्या हातात नसते, पण लॉट निवडणं तर असतं ना!

आता हिशोब बघा. मॅचची गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने निघते, ५० मीटरला पोचायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून १२-१३ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर अजून ८ मिलिमीटर खाली, आणि आपल्या टार्गेटवर एक रिंग बरोबर ८ मिलिमीटरची असते. म्हणजे होल्ड परफेक्ट, ट्रिगर परफेक्ट, आणि दहाच्या जागी नऊ. अर्थात कागदावर हे इतकं सरळ उतरत नाही कारण हळू गोळी नळीतून उशिरा बाहेर पडते आणि तोवर नळीचं तोंड थोडं वर चढलेलं असू शकतं, काही रायफलींमध्ये त्याने बरीच भरपाई होते. म्हणून क्रोनोग्राफचा (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा बघायचा पण निर्णय ग्रुप (भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात ते) बघूनच घ्यायचा असं मी ठरवलं.

माझ्याकडे दोन लॉट होते. रेंजवर आइसबॉक्स नेला, आत जेल पॅक आणि एक साधा थर्मामीटर. पहिलाच राऊंड (काडतूस) बाहेर काढला आणि बघते तर वरळीच्या दमट हवेत गोळीवर लगेच दव धरलं, बारीक थेंब, अगदी फ्रिजमधल्या बाटलीसारखे. असं ओलं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) घालायचं नाही. आमच्या रेंजवरच्या एका सीनियर दादांनी सुचवलं, "अगं, सगळा बॉक्स कशाला उघडतेस, थर्मासमध्ये ठेव आणि एक एक काढ, पुसून लगेच मार." मग तसंच केलं, पुसताना मात्र अगदी हलक्या हाताने कारण गोळीवरचं मेण निघता कामा नये. ते मेण इथे बोटाला बुळबुळीत लागतं, थंड झाल्यावर कडक होतं, नखाने खरवडलं तर कण निघतात. वेगाचा फरक फक्त पावडरीचा नसतो हे मला तेव्हा हातात धरून कळलं. बायथलॉनवाल्यांसाठी (बर्फात स्कीइंग आणि नेमबाजी करणाऱ्यांसाठी) लापुआ पोलर बायथलॉनसारखी वेगळी काडतुसं का बनवतात तेही नीट समजलं.

अजून एक गोष्ट, राऊंड चेंबरमध्ये घालून वाट बघत बसायचं नाही. नळी गरम आहे, काडतूस तापायला लागतं, मग टेस्टला अर्थ उरत नाही.

निकाल असा आला की पहिला लॉट, जो उकाड्यात मस्त एका भोकात बसत होता, तो थंड झाल्यावर उभा पसरायला लागला, वर एक खाली दोन परत वर. दुसऱ्याचा ग्रुप इथे जरा मोठा होता पण थंडीत तो आख्खाच्या आख्खा खाली सरकला आणि आकार जवळजवळ तोच राहिला. मी दुसरा घेतला, अजिबात विचार न करता. सरकलेला ग्रुप साइटच्या क्लिकने (नेम वर-खाली करायच्या खाचेने) वर आणता येतो, पसरलेल्याचं काय करणार?

दिल्लीत खोलीत हीटर होता, तरी काडतुसं मी खिडकीजवळ ठेवली, आणि रेंजवर लवकर पोचून बॉक्स सावलीत नुसता ठेवून दिला, म्हणजे १५ मिनिटांच्या साइटिंग टाइमला (मॅचआधी नेम जुळवायच्या वेळेला) ती हवेइतकीच थंड असतील. नीलिंगला क्लिक वर द्यावे लागले, अपेक्षेप्रमाणे. मग ऊन आलं, धुकं विरलं, आणि स्टँडिंगच्या आधीच्या साइटर्समध्ये (गुण न मोजल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये) गोळ्या वर जायला लागल्या तेव्हा घाबरायला झालं नाही, दोन क्लिक खाली आणि पुढे. स्टँडिंगमध्ये आपलंच हलणं इतकं असतं की हे तिथे नुसत्या डोळ्याला कळलंही नसतं, पण आधी माहीत होतं म्हणून शोधलं.

यंदा कुणी जाणार असेल आणि दोन लॉटमध्ये अडकलं असेल तर थर्मास आणि थर्मामीटर माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी वरळीला असते मी, आपला लॉट घेऊन या.