अम्मा तेव्हा मोजत होती

व्याख्यान कुठेही असो, शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतंच, "मॅडम, स्वतःच्या घरावर लिहिलं तर त्याला संशोधन कसं म्हणायचं? ते आत्मचरित्र झालं ना?" आणि माझं आडनाव कानावर पडलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग तुम्ही तेलुगू की मराठी?" दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी सोलापुरात समाजशास्त्र शिकवते. जन्म शहराच्या पूर्व भागातला, पद्मशाली या विणकर समाजाच्या घरातला. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तिला गाव अजून जुनी गिरणीच म्हणतं. हातमाग, गिरण्या, नंतर यंत्रमाग, या कामाच्या ओढीने तेलंगणातली विणकर घरं सोलापुरात येत राहिली. माझे पणजोबा त्यांतलेच. पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, असं आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांचं चालायचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या काकू कन्नड बोलणाऱ्या. लहानपणी यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेत पालकांची सभा होती. अम्मा मागे दाराशी उभी होती. बाईंनी तिला माझ्या अभ्यासाबद्दल काहीतरी विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. नजर जमिनीवर. "यांना मराठी कळत नाही वाटतं," असं बाई म्हणाल्या आणि काही मुली हसल्या. मी बाकावर मान खाली घालून बसले. त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं मी मैत्रिणींना घरी बोलावलं नाही.

संशोधनाला बसले तेव्हा पहिलं प्रकरण याच प्रसंगावर लिहिलं. भाषा, शाळा आणि लाज. मला ते फार नेमकं वाटत होतं. अभ्यासाच्या या रीतीला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ कार्ल हायडर यांनी हा शब्द १९७५ मध्ये वापरला होता. १९७९ मध्ये डेव्हिड हायानो यांनी त्यावर सविस्तर लिहिलं, ते आपण ज्या समाजाचे आहोत त्याच समाजाचा अभ्यास करण्याबद्दल. पुढे त्यात अभ्यासकाचं स्वतःचं जगणंही अभ्यासाचा विषय झालं. पण आपल्याला हे काही अगदी परकं नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरपूरला वारीबरोबर चालत गेल्या आणि त्यावर लिहिलं, त्यात त्या स्वतः आहेत. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणं वेगळी होत होती, याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणंही त्यांनी लिहिलं. आमच्या जिल्ह्यात येऊन संपणाऱ्या त्या वाटेवरच मला माझ्या विषयाचा पहिला धडा मिळाला, असं मी मुलांना सांगते.

प्रकरण लिहून झालं तसं अम्माला वाचून दाखवलं. ती तेलुगू माध्यमात चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मी वाचता वाचता तेलुगूत सांगत होते. सभेच्या प्रसंगाशी आले तशी तिने हात वर केला.

"मराठी येत नव्हतं असं कोण म्हणालं तुला? बाजारात भाव करताना मी कुठल्या भाषेत भांडायची?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"इंका रेंडु वंदलु," अम्मा म्हणाली. अजून दोनशे. त्या दिवशी हजार पुऱ्या व्हायला दोनशे विड्या कमी होत्या आणि कारखान्यात माल घ्यायची वेळ संपत आली होती. बाई बोलत होत्या तेव्हा ती मनात हिशोब करत होती, आता निघाले तर किती होतील, शेजारणीकडून किती उसन्या घेता येतील.

मी गप्पच झाले. प्रसंग मला जसाच्या तसा आठवत होता. अर्थ मात्र मी शाळेचा उचलला होता. बाईंनी जे म्हटलं तेच मी वीस वर्षं खरं धरून चालले, आणि तेही स्वतःच्या आईबद्दल. माझ्या अनुभवात जो अभ्यासाचा विषय होता तो इथे होता. आपल्याच माणसांकडे आपण दुसऱ्याच्या नजरेने कधी बघायला लागतो, हे मला कुठल्याही प्रश्नावलीतून कळलं नसतं.

मग मी सोलापूरजवळच्या कुंभारीला गेले. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत तिथे आहे, अम्माच्या जुन्या मैत्रिणी आता तिथे राहतात. नऊ जणींशी बोलले. भाषेचं विचारलं तर थोडक्यात आटपायच्या. वेळेचं विचारलं की थांबायच्याच नाहीत. लग्नघरात, दवाखान्याच्या रांगेत, बाळाला पाजताना, सगळ्या जणी मोजत असायच्या. मजुरी हजारावर, त्यामुळे दिवस तासांनी मोजायचा नसतोच. एक जण बोलता बोलता वळतच होती. भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, बोटांच्या टोकांवर गुंडाळी, नखाने तोंड दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे. नजर माझ्याकडे आणि हात सुपात. तिच्या तर्जनीच्या कडेला दोऱ्याने पडलेला घट्टा होता, त्याच जागी अम्माच्या बोटालाही आहे. लहानपणी ती केसांवरून हात फिरवायची तेव्हा तो मला टोचायचा. मी ते प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं.

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. माझी आठवण म्हणजे संशोधन नव्हे. ती नेऊन ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ती खोडली, मग तशाच बाकीच्या घरांत जाऊन विचारलं, तेव्हा कुठे काम सुरू होतं. आत्मकथनावर माझं प्रेम आहे, मराठीत ती परंपरा मोठी आहे. पण आत्मकथन लिहिणाऱ्याला आपल्या आठवणीशी प्रामाणिक राहिलं तरी चालतं. मला आठवणीवर संशय घ्यावा लागतो. आणखी एक. माझ्या घराबद्दल लिहिते म्हणून ते सगळं माझ्या मालकीचं होत नाही. वडिलांच्या आजारपणाची चार पानं अम्माने काढायला सांगितली. ती प्रबंधासाठी फार उपयोगाची होती. मी काढली, आणि ती इथेही लिहिणार नाही.

आता दुसरा प्रश्न. महिनाभर मी एक वही ठेवली होती, कुठल्या भाषेत काय करते याची. पैसे मोजते तेलुगूत. वर्गात रागावते मराठीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा गर्दीत हाका तेलुगूत मारते. गड्ड्याच्या जत्रेत भाव मराठीत विचारते. स्वप्नातल्या माणसांची भाषा त्या त्या माणसाची असते. वही भरली तरी "की" चं उत्तर आलं नाही, आणि मी ते शोधणं सोडलं. शोधण्यासारखं काय आहे ते अम्माला वाचून दाखवतानाच मला दिसलं होतं.

तेव्हा तेलुगूत सांगताना 'ओळख' या शब्दाशी मी अडले होते. पुस्तकी तेलुगू शब्द माझ्या तोंडी नाही. शेवटी घरातला शब्द वापरला, गुर्तु. आमच्याकडे गुर्तु म्हणजे खूण, आणि गुर्तु म्हणजे आठवणही. अम्माने लगेच विचारलं, "कुठला गुर्तु? हा का?" आणि तर्जनी पुढे केली.

नवीन प्रकरण याच वाक्याने सुरू होतं. तिची परवानगी घेतली आहे.