डांबरगोळ्यांच्या वासाची चादर

बाबा यंत्रमागावर होते, त्यामुळे आमच्या घरात चादरींना तोटा नाही. ट्रंक भरलेली, आणि तळाशी मूठभर डांबरगोळ्या. ऐन संक्रांतीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ताई बाळंतपणाला आली. थंडी म्हणून आईने ठेवणीतली चादर काढली, झटकली आणि बाळाला त्यात गुंडाळलं. चौथ्या दिवशी पोरगं हळदीसारखं पिवळं. नवं बाळ थोडं पिवळं होतंच, असं म्हणत आम्ही एक दिवस घालवला. ते चुकलंच.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला हात लावायच्या आधी चादर हुंगली. "डांबरगोळ्या?" ती बाजूला करून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. रिपोर्ट आला: जी-सिक्स-पीडी कमी.

म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज नावाचं विकर (एन्झाइम). ते पेशीतली थोडी साखर आडवाटेने नेतं आणि त्यातून एनएडीपीएच नावाचं बचावाचं रसायन मिळवतं. त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन हा पेशीचा राखणदार पेशीतलं घातक पेरॉक्साइड निकामी करतो. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखीही वाटा आहेत. रक्तातल्या लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, नाहीत, केंद्रकही नाही. दुसरी वाट नाही आणि नवं विकर घडवायची सोय नाही. निघताना बांधून दिलेल्या शिदोरीवर तिने १२० दिवस काढायचे. शिदोरीच कच्ची असली आणि वर डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन अंगात गेलं, की पेशी फुटते, आणि कावीळ होते. बाई आईला म्हणाल्या, चादर नसती तरी कावीळ झाली असती कदाचित. आईला ते पटलं असं वाटत नाही.

याचा जनुक एक्स गुणसूत्रावर, आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. ताईचा दुसरा एक्स धड, म्हणून तिला कधी त्रास नाही. मग बाई माझ्याकडे वळल्या. "मामांना कधी काही झालं होतं?"

झालं होतं की! सातवीत मलेरिया झाला, प्राइमाक्विन सुरू केलं, आणि तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. आजी म्हणाली उष्णता झाली. सब्जाचं पाणी पाजलं, गोळ्या बंद केल्या, विषय संपला. ही कमतरता १९५६ साली सापडली तीच मुळी प्राइमाक्विनने आजारी पडणाऱ्या माणसांमुळे, हे मला आता चाळिशीत कळतंय. माझंही रक्त तपासलं. कमीच.

बाळ आता गुटगुटीत आहे. टाळायच्या औषधांची यादी माझ्या पाकिटात आणि ताईच्या फ्रिजवर लावलेली. आईने सगळ्या चादरी दोनदा धुऊन गच्चीत वाळत घातल्या, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला टाकला. तरी झाकण उघडलं की तोच वास येतो.