थंडीनं आखडलेले पाय

डिसेंबरात परभणीचा पारा सहा-सात अंशांवर आला की आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या जनावरांचं निदान मालक घरूनच करून आणतात: थंडी बाधली. त्या सकाळचा फोनही तसलाच. दुधनाकाठच्या गावातल्या एक मावशी बोलत होत्या. "डॉक्टरसाहेब, बदकाची पिल्लं थंडीनं आखडलीत बघा. काही लंगडायलेत, काही उठंनातच."

आमच्या जिल्ह्यात पक्ष्यांसाठी फोन आला की आधी मुरुंबा आठवतं. जानेवारी 2021 मध्ये तिथं बर्ड फ्लू निघाला होता. म्हणून पहिलं तेच विचारलं, "एखादं मेलंय का?"

"मरतेत कशाला! खायला तर पुढं पुढं करायलेत."

जाऊन पाहिलं. महिन्याभराची, खाकी कॅम्पबेल जातीची पिल्लं. खोपटाला चहूबाजूंनी ताडपत्री, वर पोती, आत बल्ब. आत वाकलो तर डोळे चुरचुरले, इतका अमोनिया. पिल्लांचे डोळे मात्र टवटवीत होते. भरड्याचं घमेलं ठेवताच माना लांबवून, पंखांचा आधार घेत ती घोट्यांवर सरकत आली. एकाला उचललं. घोटा सुजलेला, नडगी धनुकलीसारखी वाकलेली, आणि पोटाच्या लवेला सोयाबीनचं ओलं भुसकट चिकटलेलं.

"खायला काय घालता?"

"घरची ज्वारी अन् मक्याचा भरडा. पावसाळ्यातल्या पिल्लांनी तेच खाल्लं की, काय झालं त्यांला?"

मावशींचा प्रश्न बिनतोड होता, आणि उत्तरही त्यातच होतं. पावसाळ्यातली पिल्लं दिवसभर ओढ्याला असायची. गोगलगाई, किडे, हिरवा पाला, सगळं पोटात जायचं. ही पिल्लं थंडी लागू नये म्हणून कोंडली गेली आणि नुसत्या भरड्यावर राहिली. मक्यातलं बरंचसं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, बांधलेलं असतं, अंगी लागत नाही. ज्वारीचीही या बाबतीत ख्याती नाही. दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या माणसांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, दिसायचा, त्यावर हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास काम केलं होतं. त्यात बदकाची गरज मोठी. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 35 मिलिग्रॅम नायसिन पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 लागतं. ते कमी पडलं की आधी पाय जातात.

थंडीचा संबंध होता, पण उलट्या बाजूनं. उठता येत नाही म्हणून पिल्लू ओल्यातच बसून राहतं, पोटाची लव भिजते, आणि मग खरंच गारठतं. मशिनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच्या पिसांचं तेल मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीला ते लवकर भिजतं. पुरती पिसं यायला सात-आठ आठवडे जातात. तोवर कोरडं अंथरूण ही त्याची गोधडी.

पाण्यातून नायसिन सुरू केलं, भरड्यात यीस्ट आणि थोडं सुकट घालायला सांगितलं. मावशींनी लगेच शेंगदाण्याची पेंड पुढं केली. पेंडीत नायसिन भरपूर, हे खरं. पण फोडून पाहिली तर आत हिरवट बुरशी. अशा पेंडीतल्या बुरशीच्या विषानं, अफ्लाटॉक्सिननं, बदकाचं पिल्लू कोंबडीच्या कितीतरी आधी जातं. ती पेंड उकिरड्यावर गेली. मावशींच्या तोंडावर नाराजी स्पष्ट होती, विकत घेतलेली होती ना.

मग खोपटाकडे वळलो. ताडपत्री वरून वीतभर सोडली, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि खालून वारा लागणार नाही. भुसकट काढून कोरडं टाकलं. पाण्याचं घमेलं हलवून अरुंद, खोलगट भांडं ठेवलं: चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी, अंग शिरू नये. ऊन तापलं की दुपारी अंगणात सोडा, म्हटलं.

"अन् थंडी?"

"दुपारी कुठंय मावशी थंडी? आपणच स्वेटर काढून बसतो."

पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यानं जाताना डोकावलो. बहुतेक पिल्लं चालत होती, नुसती नव्हे, माझ्या बुटाच्या नाड्या ओढत होती. ज्यांचं हाड वाकून बसलं होतं ती सुधारली नव्हती, सुधारणारही नव्हती. त्यांना ठेवून उपयोग नाही, मी सांगितलं.

"लंगडं अंडं देत नसतंय का?" मावशींनी विचारलं.

देतं, पण कळपात चेंगरतं आणि घमेल्यापर्यंत पोचत नाही, असं म्हणालो. त्यांनी तेवढ्यात डालगं आणून दोन्ही लंगडी वेगळी केली होती.