आमच्या घरातले धातू

भोसरीच्या लॅबमध्ये माझा दिवस ठिणग्या पाडण्यात जातो. फाउंड्रीतून आलेला तुकडा ग्राइंडरवर घासायचा, स्पेक्ट्रोमीटरच्या भोकावर पालथा ठेवायचा, आर्गॉन सोडून स्पार्क मारायचा. घासलेल्या भागावर छोटा काळा डाग पडतो आणि ठिणगीच्या उजेडावरून कुठलं मूलद्रव्य किती, याचे आकडे स्क्रीनवर येतात. ईएन-८ जातीचं पोलाद असेल तर कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्क्यांमध्ये बसला पाहिजे. बसला तर सही, नाहीतर फोनाफोनी.

एवढ्या वर्षांनी धातू म्हणजे काय हे मला कुणी शिकवेल असं वाटलं नव्हतं. पण मुलगी फिजिक्सला आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं एक व्याख्यान ऐकून आली आणि रविवारी पोहे खाताना म्हणाली, "बाबा, सूर्यात सगळ्यात जास्त धातू कुठला, सांग."

"लोखंड?"

"ऑक्सिजन."

माझा चमचा बशीतच राहिला. तिचं म्हणणं असं, की खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम बाजूला काढतात आणि उरलेल्या सगळ्याला सरसकट धातू म्हणतात. सूर्याच्या वस्तुमानात हे 'सगळं' जेमतेम दीड टक्का. ते किती आहे हेही कळतं वर्णपटातल्या रेषांवरूनच, म्हणजे तत्त्व आमच्याच मशीनचं. फक्त त्यांना स्पार्क मारावा लागत नाही, तारे आधीच पेटलेले. मशीन मान्य, पण ऑक्सिजनला धातू म्हणणं हा मला शुद्ध आळस वाटतो. त्यात गंमत म्हणजे १८६८ मध्ये सूर्यप्रकाशात ती अनोळखी पिवळी रेषा दिसली, तेव्हा लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला तो एखादा धातूच वाटला. म्हणून तर हेलियमच्या नावाला सोडियम-पोटॅशियमसारखं शेपूट आहे. धातू समजून बारसं झालं तो वायू, आणि खगोलवाले ज्या दोघांना धातू म्हणत नाहीत त्यातला एक तोच!

तेवढ्यात आतून आई. गुडघ्यांसाठी ती रास्ता पेठेतल्या वैद्यांकडे जाते. "अरे, धातू सातच. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा..." सहाव्या बोटावर ती थांबली आणि नातीकडे बघून पोह्यांवर खोबरं घालायला लागली. सातवा कुठला ते आम्हा डिप्लोमावाल्यांना पाठ आहे. रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंतींवर 'धातुदौर्बल्यावर खात्रीशीर इलाज' रंगवलेलं असायचं आणि हॉस्टेलची पोरं मेटलर्जीवाल्यांना त्यावरून जे काही म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही.

आमचे अण्णा असते तर त्यांनी चौथाच सूर लावला असता. ते शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांच्या लेखी धातू म्हणजे भू, गम्, कृ. पाणिनीच्या धातुपाठात असे दोनेक हजार. 'धा' म्हणजे धारण करणं, हे त्यांनीच मला शिकवलं. व्याकरणातला धातू शब्दाला धरून ठेवतो, वैद्यांचा शरीराला. तिथवर मला पटतं. पण जुन्या संस्कृतात गेरूलाही धातू म्हणत, हे ते सांगायचे तेव्हा मी हसायचो. गेरू म्हणजे माती. आता कळतं, त्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. जुन्या लोकांनी खाणीतून निघालेल्या वस्तूला नाव दिलं होतं.

इंग्रजी 'मेटल'चंही तेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खाण. हे वाचलं आणि आमच्या सोसायटीबाहेरचा मुकादम आठवला. पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवलाय, कधी बुजवणार विचारलं की ठरलेलं उत्तर, "मेटल आलं नाही अजून, साहेब." मेटल म्हणजे खडी! मी मेटलर्जीवाला, मनातल्या मनात त्याची कीव करायचो. निघालं असं, की आमच्या सगळ्यांत मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ तोच.

परवा एकदाचं मेटल पडलं. त्यातला काळ्या बसाल्टचा एक तुकडा खिशात टाकून लॅबमध्ये नेला, घासला, मशीनवर ठेवला. स्पार्क बसलाच नाही. त्यातून वीज वाहते कुठे? पोरं हसली.

घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड. हायड्रोजन-हेलियम नावालाच. बाबा, आमच्या हिशोबाने तो जवळजवळ शंभर टक्के धातू आहे."

तो तुकडा आता आईच्या खिडकीत पडदा उडू नये म्हणून ठेवलाय.