तळघरातला हत्ती

रोमच्या तेर्मिनी स्टेशनाबाहेर पडलं की जवळच पलाझ्झो मासिमो हे संग्रहालय आहे. बायको तडक वरच्या मजल्यावर गेली, ऑगस्टस सम्राटाच्या बायकोच्या, लिव्हियाच्या बागेची भित्तिचित्रं बघायला. मी तळघरात, नाण्यांपाशी.

पुस्तकांत बशीएवढं छापलेलं देनारियस प्रत्यक्षात आपल्या हल्लीच्या पन्नास पैशांएवढं निघालं! वजन जेमतेम चार ग्रॅम. हे चांदीचं नाणं इ.स.पू. २११च्या सुमारास सुरू झालं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला घोडे फेकत निघालेले जुळे भाऊ, कॅस्टर आणि पोलक्स. अश्विनीकुमारच म्हणा. आपला 'दीनार' शब्दही या देनारियसचाच.

मग सीझरचा हत्ती दिसला. इ.स.पू. ४९, यादवी पेटलेली. हत्तीच्या पायाखाली साप (काही जण त्याला गॉल लोकांचं रणशिंग म्हणतात) आणि खाली फक्त सीझरचं नाव. अक्षरशत्रूलाही हत्ती कळणारच. पाच वर्षांनी हत्तीची गरज उरली नाही, थेट सीझरचा चेहरा आला. रोमच्या नाण्यावर जिवंत रोमन माणूस पहिल्यांदाच. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. पुढे मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने दोन खंजीर आणि मधे मुक्त गुलामाची टोपी असं नाणं पाडलं. पण दुसऱ्या बाजूला चेहरा कुणाचा? स्वतःचाच!

आपला गौतमीपुत्र सातकर्णी सरळ माणूस. त्याने हरवलेल्या क्षत्रप राजाच्या, नहपानाच्या नाण्यांवर, त्याच्या चेहऱ्यावरच आपला ठसा हाणला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली अशी हजारो चांदीची नाणी सापडली.

मला सगळ्यांत आवडलं ते टांकसाळीचा अधिकारी टायटस कारिसियस याचं नाणं, इ.स.पू. ४६चं. पुढे जूनो मोनेटा देवी, मागे चिमटा, ऐरण, हातोडा. टांकसाळीने स्वतःचीच अवजारं नाण्यावर काढली! ही टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर, मोनेटाच्या देवळाजवळ होती. 'मनी' शब्द तिथूनच निघाला.

संध्याकाळी त्या टेकडीपाशी आलो. आराचेली चर्चच्या १२४ पायऱ्या बघून बायको म्हणाली, "अहो, छापा-काटा करू." रोमन पोरं काशाची नाणी उडवून 'डोकं की जहाज' ओरडायची, हे मी सांगेपर्यंत तिने एक युरो उडवलासुद्धा.

काटा पडला. ती खाली आइस्क्रीम खात बसली, मी चढायला लागलो.