बारा सुतांचं लोणी

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि मामाच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. विहिरीजवळचा कापा फणसही गेला. पोफळींचे पंचनामे झाले, कागद रंगले. फणसाबद्दल मामी एवढंच म्हणाली, "आता मे महिन्यात याल कशाला?"

मामाने सॉ मिलवर नेऊन फणसाच्या फळ्या पाडून आणल्या आणि मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचून ठेवल्या. लाकूड सुकायला जाडीच्या इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब असतो. मामाच्या आळसामुळे त्यांना पाच मिळाली. गेल्या दिवाळीत त्यातली एक फळी गाडीच्या मागच्या सीटवर घालून मी पुण्याला आणली. चार फूट लांब, फूटभर रुंद, दीड इंच जाड. हिचे दोन पाट करणार, असं जाहीर करून टाकलं. घरात कोणी विरोध केला नाही, कारण कोणाचा विश्वासच बसला नाही.

लांबून बघितली तर फळी सरळ दिसायची. स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली तर डुगडुगायला लागली. मी तिला नावं ठेवली. मग लक्षात आलं की पाणी सिंककडे जावं म्हणून ओट्यालाच उतार आहे, आणि मधला कडप्पा जरा खचलाय. नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. माझ्या बाबतीत मला नाचता येत नव्हतं आणि अंगणही खरोखर वाकडं होतं.

शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुतारकाकांकडे गेले. गुडघ्यांमुळे त्यांनी कामं घेणं थांबवलंय, हत्यारं मात्र अजून तेल लावून ठेवलेली. त्यांनी ओटा-बिटा काही विचारलं नाही. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या घेतल्या, फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवल्या, आणि एक डोळा मिटून जवळच्या पट्टीच्या कडेवरून लांबची पट्टी बघितली. "दोन सूत पीळ आहे," म्हणाले. मीही वाकून बघितलं. लांबच्या पट्टीचं उजवं टोक वर आलेलं, डावं जवळच्या पट्टीमागे बुडालेलं. इतका वेळ हे मला दिसलं कसं नाही, असं वाटण्याइतकं स्पष्ट.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटर आले, मिलिमीटर आले, पण सुताराच्या तोंडातून सूत गेलं नाही. जाणार तरी कसं? सुतार या शब्दातच ते बसलंय: मूळ सूत्रधार, म्हणजे दोरी धरणारा. ओंडक्यावर रंगवलेली दोरी ताणून टणत्कार करायचा, उमटेल त्या रेघेवर कापायचं. सुतावरून स्वर्ग गाठणारे आपण, आणि सुतावरून दार-चौकट गाठणारे ते.

रंधा हा शब्द मात्र फारसीतून आलेला. इराणात रंदे म्हणजे सुताराचा रंधा, आणि गाजर किसायची किसणीही रंदेच. हे कळलं तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या माझ्या कामाला योग्य शब्द मिळाला. मी फणस किसत होते.

काकांचा जुना रंधा लाकडी आहे, पातं पाचरीने घट्ट केलेलं. पातं पुढे काढायचं तर पात्याच्या डोक्यावर हलकी हातोडी, मागे घ्यायचं तर रंध्याच्या बुडावर. केसाइतकी जाडी ते या ठकठकीवर ठरवतात. मला ते जमेना, म्हणून लोखंडी घेतला, चार नंबरचा. नऊ-एक इंच लांब, दोन इंची पातं, मागे पितळी चक्री. ती फिरवली की पातं वर-खाली. ही रचना लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची. स्टॅनली कंपनीने 1869 मध्ये त्याची पेटंटं विकत घेतली आणि तेव्हापासून यात फारसं काही बदललेलं नाही. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या माझ्या हातात दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू, आणि तीही माझ्यापेक्षा हुशार.

काकांनी पहिले चार दिवस मला फळीला हात लावू दिला नाही. कुरुंदाच्या दगडावर नुसती धार. मनगटावरचे केस उडाले की धार झाली. (त्या आठवड्यात माझा डावा हात बघून ऑफिसातल्या एकीने काळजीने चौकशी केली होती.) मग फळी. आधी तिरका रंधा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट. उंच टोकं खाली आणायची. सॉ मिलच्या करवतीचे ओरखडे एकेक करून गेले. पाच वर्षांच्या राखाडी धुळीखालून रंग निघाला तो थेट हळदीचा. फणसाचा गाभा पिवळा असतो हे माहीत होतं. थायलंड-म्यानमारकडचे बौद्ध भिक्खू चीवरं रंगवायला त्याचे तुकडे उकळतात, हेही कुठंतरी वाचलं होतं. पण आपल्या हाताखालून ते पिवळं उलगडत बाहेर येतं तेव्हा माणूस थांबून बघतोच. सुंठ-गुळासारखा काहीतरी वासही आला. गऱ्यांचा नाही. मी नाक लावून शोधला होता.

अडचण अशी की फणसाचे तंतू एका दिशेने जात नाहीत. सागाची फळी मांजरासारखी: पाठीवरून हात फिरवलात तर गुरगुरते, उलटा फिरवलात तर बोचकारते, पण सुलटं कुठलं ते कळतं. फणसाचे थर एकाआड एक उलट-सुलट. एका पट्ट्यात रंधा 'श्शप' करून निघून जातो, शेजारच्याच पट्ट्यात 'खर्रक' आणि चिमटीएवढं लाकूड उपटून येतं. मी जोर लावला. "ताई, रेटू नका," काका म्हणाले, "पातं अजून आत घ्या. आणि वरची पत्ती धारेच्या अगदी जवळ आणा." लाकूड उपटायच्या आत ती पत्ती छिलक्याला मोडून वर वळवते, म्हणून. तसं केलं. छिलका इतका पातळ निघाला की त्यातून खिडकी दिसली. जपानात छिलक्याच्या जाडीवरूनच स्पर्धा लावतात, केझुरोकाई म्हणतात त्यांना, आणि तिथले लोक रंधा ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. त्यांचे छिलके दहा मायक्रॉनच्याही खाली जातात. माझ्या छिलक्यातून नुसती खिडकी दिसली तरी मी तो वहीत ठेवला.

आणि मग माझं माकड झालं. दोन बोक्यांच्या लोण्याच्या गोष्टीतलं. एक पारडं जड म्हणून त्यातलं थोडं खाल्लं, मग दुसरं जड, मग पहिलं. उजवा कोपरा उंच म्हणून दोन हात मारले. पट्ट्या ठेवून बघितलं तर डावा उंच. डावा उतरवला तर मध्ये खोलगट. दर रविवारी फळी सरळ होत होती आणि दर रविवारी पातळ होत होती. एक बाजू जमल्यावर त्याच बाजूला टेकवून खतकसाने चारी कडांवर जाडीची रेघ मारायची आणि दुसरी बाजू त्या रेघेपर्यंत उतरवायची असते. रेघ मारायच्या वेळी मोजलं. बाराची आठ सुतं राहिली होती. चार सुतं, म्हणजे अर्धा इंच फणस, बाल्कनीत पोत्यात भरून पडला होता.

काकांना पोतं दाखवलं. ते अजिबात हळहळले नाहीत. त्यांच्या लहानपणी असलं पोतं शेजारचे बंबासाठी मागून न्यायचे म्हणे, दिवाळीत तर आधीपासून नंबर लागायचे. आमच्याकडे गीझर. बायोकचऱ्याच्या डब्यात टाकलं तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा होईल म्हणून मी ते थोडं थोडं करून कुंड्यांत घातलं.

मार्चच्या एका रात्री दुसरी बाजूही रेघेला टेकली. दोन पट्ट्या ठेवल्या. एकीमागे दुसरी तंतोतंत लपली. जाडी सात सूत. मी फळी बाल्कनीच्या फरशीवर पालथी घालून झोपले, आणि सकाळी कडेखालून पेन्सिल आरपार गेली.

कोकणातल्या दमट पडवीत सुकलेलं लाकूड पुण्याच्या मार्चमध्ये पुन्हा एकदा सुकतं. त्यातून मी खालची बाजू फरशीवर दाबून ठेवलेली, वरची उघडी. वरची सुकून आकसली आणि कडा उचलल्या. उभी करून ठेवायला हवी होती, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फळी खांद्यावर घेऊन, नाइटगाउनवर ओढणी घालून, तडक काकांच्या दारात. आता पुन्हा रंधा मारायचा का? मग तर सहा सूत उरतील.

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. फळी डोळ्यापाशी धरून बघितली. अर्धं सूत असेल नसेल.

"मध्ये कापा, खालून दोन आडव्या पट्ट्या मारा," म्हणाले. "पाट आहे ताई तो. माणूस बसला की होतोय सपाट."